बिनशेमल्याचा फेटा

मी फेटा बोलतोय. अख्खा नाही. माझा शेमला गेलेला आहे. फेटा बांधल्यावर पाठीवर जे टोक रुळतं, त्याला शेमला म्हणतात. फेट्याची सगळी ऐट त्यात असते. माझा शेमला माझ्या मालकाने स्वतःच्या हाताने फाडला. मी त्याची तक्रार करायला बसलेलो नाही. उपकार मानायला बसलोय.

भिवंडीच्या यंत्रमागावर मी विणला गेलो. रंग कुसुंबी, त्यावर पिवळे ठिपके. उल्हासनगरच्या एका दुकानात ताग्यात गुंडाळलेला पडून होतो. तिथे डोंबिवलीचं गिऱ्हाईक आलं. डोंबिवलीत पाडव्याला नववर्षाची शोभायात्रा निघते आणि एकेक मंडळ एकेका रंगाच्या फेट्यात चालतं. मानपाड्याच्या मंडळाला माझा रंग आवडला. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, हा रंग डोंबिवलीत दुसऱ्या कुणाला देणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मी उत्तमरावांच्या वाट्याला आलो. उत्तमराव मानपाड्याच्या कारखान्यात वेल्डर होते, आता घरी असतात. त्याआधी काही वर्षं मस्कतला काढली होती. शाळा थोडी, बोलणं त्याहून थोडं. फेटा मात्र स्वतः बांधायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. शेमला कमरेपर्यंत सोडायचे आणि ढोलपथकाच्या मागून असे चालायचे की पुढचे लोक वाट देत.

पण तो वर्षातला एक दिवस. संध्याकाळी माझी घडी व्हायची आणि मी कपाटात जायचो. पुढचा पाडवा येईपर्यंत डांबरगोळ्यांची सोबत. शोभेच्या वस्तूचं आयुष्य असंच असतं. मान मिळतो, काम मिळत नाही.

मग शिवानीचा फोन आला. शिवानी म्हणजे उत्तमरावांची एकुलती लेक. लग्न होऊन नवऱ्याबरोबर, मुकुलबरोबर, जर्मनीत असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं होतं. पण तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलं. मुकुलला आई नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत, पहिलटकरीण. शिवानी फोनवर हसत होती, पण विमलाबाईंना, तिच्या आईला, ते हसणं कळलं. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तिला येता येत नाही तर मी जाते."

उत्तमरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना जाणं शक्य नव्हतं. म्हणजे विमलाबाई एकट्या. त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायच्या. बाळंतपणाची तारीख जवळ, तिकिटं महाग आणि विमानं भरलेली. एक तिकीट कसंबसं मिळालं. हे विमान चुकलं असतं तर दुसरं वेळेत मिळालं नसतं, आणि शिवानी आईवाचून दवाखान्यात गेली असती. घरात हे कुणी बोललं नाही. पण चहा पितानासुद्धा तेच सगळ्यांच्या डोक्यात असायचं.

उत्तमरावांनी विमलाबाईंना विमानतळ शिकवायला घेतला. मस्कतला जाऊन आलेला माणूस. मुंबईचा सहार विमानतळ आपल्याला तळहातासारखा ठाऊक, असा त्यांचा समज. त्यांनी घराचाच विमानतळ केला. बाहेरचं दार म्हणजे विमानतळाचं दार. ओट्याजवळ मोठी बॅग द्यायची. देवघराशेजारी पासपोर्टवर शिक्का. बाथरूमच्या दारात अंगझडती. गॅलरी म्हणजे विमान.

मी कपाटाच्या उघड्या दारातून सगळं बघत होतो. विमलाबाई हातात पर्स घेऊन ओट्यापासून गॅलरीपर्यंत पुन्हा पुन्हा चालत होत्या. देवघराशेजारी उत्तमराव स्टुलावर साहेब होऊन बसले होते.

"कशासाठी चाललात?"

"आता तुम्हालाच माहीत नाही का?"

"मी साहेब आहे. साहेबाला सांग."

"लेकीचं बाळंतपण करायला."

"बाळंतपण म्हणायचं नाही. मुलीला भेटायला म्हण. तेवढंच. जास्त बोलली की जास्त विचारतात."

"साहेब, कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून येऊ का?"

उत्तमराव हसले नाहीत. त्यांचे नियम कडक होते. पासपोर्ट हातातून सोडायचा नाही. परक्याच्या बॅगेला हात लावायचा नाही. पर्समधला अडकित्ता काढून ठेवायचा, तो तर त्यांनी स्वतःच काढून ठेवला. सुकं खोबरं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत घाल, तिथे चालतं. आणि सगळ्यात मोठा नियम, कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं की माणूस नवखा आहे हे कळतं, आणि नवख्याला लोक फिरवतात. मस्कतला जाताना त्यांना कुणीतरी असं फिरवलं असणार. त्यांनी कधी सांगितलं नाही.

खोबऱ्याचं सांगतो. विमलाबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं. भावाने घरच्या माडाचे नारळ पाठवले होते. ते फोडून, गच्चीवर वाळवून त्यांनी अख्ख्या वाट्या केल्या होत्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करायचे ते याच खोबऱ्याचे. घरून लाडू करून न्यायचे नव्हते. तिथे लेकीच्या घरात, तिच्या गॅसवर खोबरं भाजलं पाहिजे, तो वास घरात फिरला पाहिजे, तरच माहेर आल्यासारखं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. वासाचं मला कळतं. मी डांबरगोळ्यांत राहिलेला आहे.

बॅग काळी होती. शेजारी म्हणाले, काळ्या बॅगा शेकड्याने येतात, काहीतरी खूण बांधा. विमलाबाई जुन्या साडीची चिंधी शोधू लागल्या. उत्तमराव कपाटाशी आले. मला बाहेर काढलं. टोक हातात धरलं आणि दातांनी चीर पाडून टर्रकन फाडलं. मग आणखी एकदा.

"अहो, पाडव्याला काय घालाल?"

"पाडवा येईल तेव्हा बघू."

एक तुकडा मोठ्या बॅगेच्या मुठीला बांधला, एक पर्सच्या बंदाला. गाठ वेल्डरची होती, सुटणारी नव्हती. दुखलं का म्हणाल तर दुखलं. पण फाटल्यावर मला कळलं की आपण तिन्ही ठिकाणी आहोत. जिथे माझा धागा, तिथे मी. म्हणून पुढचं सगळं मी सांगू शकतो.

विमान दुपारचं होतं. सकाळीच शेजारच्या मधुची टॅक्सी आली. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. मधु म्हणाला, रोजचंच आहे, काळजी करू नका काकी. उत्तमरावांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. उरलेला मी त्यांच्या खांद्यावर होतो. मला का घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विमलाबाईंनी विचारलं नाही.

विमानतळाचं एक सांगून ठेवतो. निघणारा माणूस वर जातो, येणारा खाली उतरतो. गाडी चढण चढून वरच्या मजल्यावर थांबते. तिथे दारात बंदूकवाला जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो. ज्याच्याकडे तिकीट आहे तोच आत. पोचवायला आलेल्यांचा रस्ता तिथे संपतो.

उत्तमराव वर पोचले आणि थबकले. त्यांच्या वेळचं काहीच तिथे नव्हतं. उंच पांढरे खांब, वर कमळासारखं उमललेलं छत, काचेची दारं. ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आत तसंच असेल. ओटा, देवघर, बाथरूम. जा."

विमलाबाई वाकून पाया पडल्या. उत्तमराव म्हणाले, "इथे कशाला, लोक बघतात." पण डोक्यावरचा हात बराच वेळ काढला नाही.

आत ओटा सापडला. म्हणजे बॅगा घेणारी खिडकी. विमलाबाईंनी कुणालाही विचारलं नाही. वरच्या पाटीवरचा विमानाचा नंबर आपल्या तिकिटाशी एकेक आकडा जुळवून बघितला आणि रांगेत उभ्या राहिल्या. मला अभिमान वाटला. बॅग पट्ट्यावरून आत गेली, आणि तिच्याबरोबर माझा एक तुकडा. पर्सवरचा तुकडा त्यांच्याबरोबर राहिला. त्या देवघराच्या दिशेने निघणार, तेवढ्यात खिडकीतल्या मुलीने थांबायला सांगितलं. बॅग तपासायची आहे.

त्यांना एका बाजूच्या खोलीत नेलं. तिथे काळ्या बॅगा ओळीने उभ्या होत्या. विमलाबाई थेट माझ्याकडे आल्या. पण माझ्या शेजारच्या बॅगेवरही कुसुंबी रंगाचा, पिवळ्या ठिपक्यांचा तुकडा होता. त्याच ताग्यातला माझा भाऊ. उल्हासनगरच्या दुकानदाराची छाती आणि तिच्यावरचा तो हात मला आठवला.

एक चष्मेवाले गृहस्थ विमलाबाईंच्याच बॅगेची मूठ धरून उभे होते.

"अहो, सोडा ती. फेटा आमचा आहे."

"बाई, फेटा माझा आहे. डोंबिवलीच्या यात्रेतला."

"आमचाही यात्रेतलाच. मानपाड्याचा."

"आम्ही पश्चिमेचे. आम्हाला तर दुकानदार म्हणाला होता..."

"आम्हालाही म्हणाला होता."

ते हरिहर. बँकेतून निवृत्त झालेले, मुलाकडे निघालेले, त्याच विमानाने. बॅग तपासणारी मुलगी रुचिता मराठीच होती. तिने चिठ्ठीवरचे नंबर बघून दोन्ही बॅगा वेगळ्या केल्या आणि एकेक उघडायला लावली. विमलाबाईंच्या बॅगेत दुपट्यांच्या आणि झबल्यांच्या खाली खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. मग हरिहरांची उघडली. शर्टांच्या खाली खोबऱ्याच्या वाट्या.

हरिहर बघतच राहिले. "ह्या सुमतीने टाकल्या. मी नको म्हटल्यावर बॅगेच्या तळाला टाकल्या." सुमती म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या मागाहून जाणार होत्या.

रुचिता म्हणाली, "डोंबिवलीची बॅग आली की मला खोबऱ्याचा वास आधी येतो. काढा, काका. मावशी, तुम्हीपण. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. तेल असतं ना त्यात, पेट घेतं. लाडू करून आणले असते तर गेले असते."

हरिहरांनी मुकाट्याने वाट्या काढून दिल्या. विमलाबाई हलल्या नाहीत. त्यांनी बॅगेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी सांगितलंय, मोठ्या बॅगेत चालतं."

रुचिताने पुन्हा समजावलं. विमलाबाई पुन्हा तेच म्हणाल्या. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. खोलीत नवी माणसं येत होती, आपल्या बॅगा उघडून, बंद करून जात होती. रुचिताचा आवाज चढला नाही, पण ती म्हणाली की मावशी, ठरवा लवकर, खिडकी बंद झाली की बॅगही राहील आणि तुम्हीपण राहाल.

मला बाई हट्टी वाटल्या नाहीत. त्यांची अडचण मला समजत होती. नवऱ्याने आखून दिलेल्या वाटेने त्या चालल्या होत्या. ती वाट एका जागी खोटी निघाली, तर पुढची सगळीच खोटी असू शकते. मग कुणाच्या भरवशावर जायचं? पर्सवरचा मी त्यांच्या मुठीत चुरगळत होतो.

त्यांनी उत्तमरावांना फोन लावला.

बाहेर उत्तमराव गेले नव्हते. मधुने दोनदा म्हटलं, काका, घरी चला, गुडघा दुखेल. ते एका खांबाला टेकून उभे होते. फोन कानाला लावला. मी खांद्यावरून ऐकत होतो.

"खोबरं काढा म्हणतायत."

उत्तमरावांनी फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"तुम्ही म्हणाला होतात चालतं. आता मी काय करू? ऐकताय ना?"

मी या माणसाच्या डोक्यावर बसलेलो आहे. ते डोकं कुणापुढे वाकलेलं मला माहीत नाही. कारखान्यात साहेबाशी वाद झाला तेव्हाही चूक कबूल केली नव्हती, असं विमलाबाईच सांगायच्या. तो माणूस खांबाला टेकून, काचेच्या दाराकडे बघत म्हणाला, "मी सांगितलं ते जुनं झालं. आता मला विचारू नको. तिथे जे असेल त्याला विचार. सगळ्यांना विचार. पण जा."

विमलाबाईंनी फोन ठेवला. खोबऱ्याच्या वाट्या काढल्या, रुचिताच्या टेबलावर नीट रचून ठेवल्या. एक वाटी उचलून नाकाशी धरली आणि परत ठेवली. मग विचारलं, "बाळा, इथून पुढे कुठे जायचं? मला काही ठाऊक नाही. सगळं सांग."

रुचिताने सांगितलं. बॅग बंद करायला गुडघा देऊन मदत केली. चेन अडकली तिथे माझं टोक अडकत होतं. ते तिने बोटाने बाजूला केलं, कापलं नाही. त्या पोरीचं भलं होवो.

पुढे विमलाबाईंनी जो दिसेल त्याला विचारलं. रांग कुठली, कागद कुठला, ट्रेमध्ये चप्पल ठेवायची का. कुणी फिरवलं नाही. एका सफाईवालीने तर हात धरून सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं केलं. पुढे काय करायचं ते लोक सांगत गेले आणि बाई जात राहिल्या.

शिक्क्याच्या खिडकीत साहेब होता. त्याने विचारलं, कशासाठी जाताय?

"मुलीला भेटायला," विमलाबाई म्हणाल्या. साहेब पासपोर्ट चाळत होता. त्यांना राहवलं नाही. "बाळंतपण आहे हो तिचं. पहिलं."

साहेबाने वर बघितलं. शिक्का मारला आणि हिंदीत म्हणाला, जल्दी जाइए, माताजी.

गेटपाशी हरिहर भेटले. म्हणाले, "वहिनी, जरा माझी पिशवी बघता का? पाणी घेऊन येतो."

"नाही. परक्याच्या बॅगेला हात लावायचा नाही."

"अहो, फेटा एक आहे आपला. परका कसला?"

विमलाबाईंनी विचार केला. "तुम्ही बसा. पाणी मी आणते. नळ कुठे आहे ते मी मघाशीच विचारून ठेवलंय."

विमान सुटलं, तेव्हाच उत्तमराव मधुच्या टॅक्सीत बसले.

जर्मनीत सरकत्या पट्ट्यावर बॅगा आल्या तेव्हा हरिहरांनी दोन्ही उतरवून घेतल्या. पुन्हा घोळ नको म्हणून आपल्या बॅगेवरच्या फेट्याला त्यांनी तपासणीच्या खोलीतच रुमालाची गाठ मारली होती. बाहेर मुकुल उभा होता. त्याने सासूबाईंच्या हातातली बॅग घेतली आणि त्याच पावली दवाखान्याकडे नेलं. शिवानीला सकाळीच दाखल केलं होतं. आईला बघून ती इतकंच म्हणाली, "आलीस?" आणि मग रडली. नात दुसऱ्या दिवशी झाली. एक विमान चुकलं असतं, तर ते "आलीस" तिने कुणाला म्हटलं असतं? मी एवढंच मोजतो.

लाडू झाले. तिथल्या दुकानात खोबऱ्याचा कीस मिळाला. विमलाबाईंनी तोच भाजला. चव माडाची नव्हती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण घरभर वास फिरला. शिवानी डोळे मिटून पडली होती, ती म्हणाली, आई, घरी आल्यासारखं वाटतंय. उत्तमरावांना हे फोनवर कळलं. त्यांनी विचारलं, डिंक नीट फुलला का. विमलाबाई म्हणाल्या, फुलला.

नातीचं नाव सान्वी. तिच्या बाबागाडीला आता माझा एक तुकडा बांधलेला आहे, पर्सवरचा. तिथे रस्त्यावर सगळ्या बाबागाड्या सारख्याच दिसतात म्हणे. सान्वी तो तुकडा तोंडात घालते. मी कुणाच्या डोक्यावर होतो ते तिला ठाऊक नाही. असू दे.

विमलाबाई परत आल्या तो दिवस सांगतो आणि थांबतो.

येणारी माणसं खाली उतरतात हे मी सांगितलंच. खालच्या दाराबाहेर कठड्याला टेकून गर्दी असते. नावाच्या पाट्या, फुलं, उंच केलेले फोन. उत्तमराव त्या गर्दीत उभे होते, गुडघा आता बरा होता. उरलेला मी त्यांच्या डोक्यावर होतो, घट्ट बांधलेला. पाडवा नव्हता, यात्रा नव्हती. पाठीवर शेमला नव्हता, फाटलेलं टोक कानामागे खोचलं होतं. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. मधु जरा लांब उभा राहिला होता. पण या वेळी लोक बघतात याचं उत्तमरावांना काही वाटलेलं दिसलं नाही.

विमलाबाई ढकलगाडी लोटत बाहेर आल्या. बॅगेवर माझा तुकडा, मळलेला, पण गाठ तीच. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती थेट माझ्यावर येऊन थांबली. जवळ आल्या. हसू आवरत म्हणाल्या, "हे काय ध्यान?"

"बॅग ओळखायला खूण लागते," उत्तमराव म्हणाले. "माणसाला नको?"

मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला विचारलं, "गाड्या लागतात ती जागा कुठे हो?" विमलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या माणसाने वाट दाखवली आणि दोघं त्या बाजूने चालू लागले.

आता मी मानपाड्याला कपाटातच असतो, पण कपाटाचं दार उघडंच ठेवतात. बॅगेवरचा तुकडा माळ्यावर बॅगेबरोबर आहे. मंडळ येत्या पाडव्याला नवा रंग घेणार म्हणतात. घेऊ दे. शेमला असता तर मीही एक मिरवणारा फेटा राहिलो असतो. फाटलो म्हणून कामाला आलो, म्हणून उत्तमरावांच्या दातांचे, रुचिताच्या बोटाचे, हरिहरांच्या रुमालाचे आणि त्या सफाईवालीच्या हाताचे माझ्यावर उपकार आहेत.

तुम्हाला एवढंच मागतो. विमानतळावर कुणी वर पाटीकडे बघत एकटी उभी दिसली, तर तिने विचारायची वाट बघू नका. तिला कुणीतरी घरी सांगून पाठवलेलं असेल की विचारू नको. तुम्हीच विचारा. आणि कठड्याशी कुणी बिनशेमल्याचा फेटा बांधून उभा दिसला, तर हसू नका. त्याला त्याचं माणूस सापडू द्या.